परिसर अत्यंत स्वच्छ

काच कारखान्याच्या भिंतीला लागून अकरा बिऱ्हाडं राहत होती, आणि सकाळी सव्वासहानंतर ती तिथे राहतात हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. कारखाना कधीच बंद पडला होता, भिंत तेवढी धडधाकट होती. दर आठ-दहा पावलांवर एक खांब, आणि दोन खांबांमधली जागा म्हणजे एकेकाचं घर. सहाला सगळी उठायची. चटया गुंडाळल्या जायच्या, पोती बांधली जायची, स्टोव्ह, डबे, बादल्या भिंतीमागच्या मोडक्या केबिनीत जायच्या. मग कोणीतरी खराटा घेऊन पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत फूटपाथ लख्ख झाडायचं. हे काही स्वच्छतेच्या हौसेनं चालत नव्हतं. साडेसहाला पालिकेची उचलगाडी यायची. रस्त्यावर सापडेल ते गाडीत. मग ती चटई असो, तवा असो की म्हाताऱ्याचा चष्मा.

या आवराआवरीत तिसऱ्या खांबाजवळच्या घडीताईचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे इस्त्रीच्या रुळांतून गरम गरम बाहेर पडले की त्यांच्या घड्या घालायच्या. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण. चार कोपरे, दोन पावलं पुढे, दोन मागे. तिची स्वतःची चादरही तशीच, आठ पदरी, कोपऱ्यावर कोपरा. भिंतीवरच्या लोकांनी तिला घडीताई म्हणायला सुरुवात केली ती यावरूनच.

ती भिंतीवर आली नऊ वर्षांपूर्वी. त्याआधी तिला खोली होती, दार होतं, दाराला कडी होती. एके दिवशी पालिकेचा माणूस आला आणि म्हणाला, इमारत धोकादायक आहे, दुरुस्तीसाठी दोन महिने बाहेर राहा. फक्त दोन महिने. दोन महिन्यांनी ती बघायला गेली तर इमारतच नव्हती. नवरा त्याआधीच गेला होता, देवाघरी नव्हे, दुसऱ्या बाईच्या घरी. म्हणजे कुटुंबातल्या एकाची तरी सोय झाली होती. राहिली ती आणि तिची सात वर्षांची लेक.

पहिल्याच आठवड्यात त्यांना भिंतीचे नियम माहीत नव्हते आणि झोप लागून गेली. गाडी आली. चटई गेली, चादरी गेल्या, लेकीचं दप्तर गेलं. पोरगी गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावली. गाडीवरच्या मुकादमानं वहीतून पावती फाडून आईच्या हातात दिली. पावतीच्या तळाशी छापलं होतं: माल सात दिवसांत सोडवून न्यावा, येताना राहत्या घराच्या पत्त्याचा पुरावा आणावा. हे वाक्य ज्यानं रचलं त्याला एकदा भेटायची घडीताईची फार इच्छा होती.

त्याच संध्याकाळी तिनं लेकीला थोरल्या बहिणीकडे नेऊन सोडलं. "दार मिळालं की नेईन," म्हणाली. ते दार नऊ वर्षं मिळालं नाही. पोरगी मावशीकडे लहानाची मोठी झाली, आईला रविवारी भेटत राहिली.

आजारपणात, तापात, कधी निव्वळ थकव्यानं नऊ वर्षांत घडीताई एकोणीस वेळा गाडीच्या तावडीत सापडली. एकोणीस पावत्या मिळाल्या. बाकीचे लोक पावतीचा बोळा करून फेकायचे, कारण पत्त्याचा पुरावा आणायचा कुठून? घडीताईनं एकही फेकली नाही. लाँड्रीतली सवय होती ती. वॉर्डातून गाठोडं खाली येतं तेव्हा त्याच्यासोबत चिठ्ठी येते, आणि गाठोडं परत वर जाईपर्यंत ती चिठ्ठी टाकायची नसते. हिची गाठोडी काही परत आली नव्हती. म्हणून चिठ्ठ्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, छातीशी.

आणि मग ती यादी लागली.

पालिकेनं नवी इमारत बांधली होती. रस्त्यावर राहणाऱ्यांना तिथे कायमच्या खोल्या देणार, त्यासाठी पाहणी करणार, अशी जाहिरात खुद्द त्यांच्या भिंतीवरच चिकटवली होती. लोक आशेला लागले. आणि याच वेळी थोरल्या बहिणीनं निरोप पाठवला. तिचा मुलगा आणि सून बाळाला घेऊन पुढच्या महिन्यात परत येणार होते. घर दोन खोल्यांचं. बहीण वाईट नव्हती. बोलताना रडली, पण बोलली. लेक आईला म्हणाली, "त्यात काय, मी भिंतीवर येते राहायला." घडीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नऊ वर्षं मी काय गंमत म्हणून तुला लांब ठेवलं? दार असल्याशिवाय तू यायचं नाहीस."

यादीत भिंतीवरच्या एकाचंही नाव नव्हतं. अकराही बिऱ्हाडांसमोर मिळून एकच शेरा होता: जागेवर कोणीही आढळले नाही. परिसर अत्यंत स्वच्छ.

पाहणीवाला आला होता सकाळी अकराला. अकराला भिंतीवर असतं कोण? धुणीभांडीवाल्या कामावर, हमाल बाजारात, घडीताई रुळांसमोर. पण एक माणूस होता. वॉचमनकाका. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची फाटकं राखली होती, अजूनही एका गोदामावर रात्रपाळी करायचे आणि दिवसा पाचव्या खांबाला स्टूल टेकवून बसायचे. मग पाहणीवाल्याला ते कसे दिसले नाहीत?

"दिसलो ना," काका म्हणाले. मान वर करायला तयार नव्हते. "त्यानं विचारलंसुद्धा, इथं कोण राहतं का म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आता अंगात युनिफॉर्म, समोर साहेब फाइल घेऊन उभा. तोंडातून आपसूक गेलं. म्हटलं, नाही साहेब, इथं मी कोणाला बसू देत नाही."

मग चौथ्या खांबाजवळची हमालाची बायको फिस्सकन हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांना कोणी शिव्या दिल्या नाहीत. स्वतः काकांनीच स्वतःला इतक्या दिल्या की बाकीच्यांना शिल्लक ठेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी घडीताई पालिकेच्या गृह कचेरीत गेली, खिडकी क्रमांक चार. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत होत्या.

"फेरपाहणीचा अर्ज द्यायचाय. अकरा घरांचा."

"पत्ता?"

"तो नाही म्हणून तर आलेय."

"पत्त्याचा रकाना मोकळा ठेवता येत नाही हो. मशीन पुढे जात नाही."

"मग भिंत लिहा. काच कारखान्याची भिंत, तिसरा खांब."

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. धुतलेले कपडे, विंचरलेले केस, इस्पितळाचं ओळखपत्र. "पण तुम्ही तशा वाटत नाही."

"कशा?"

बाई पुन्हा मशीनकडे वळल्या. त्यांनी भिंत लिहिली, खांब लिहिला, आणि तारीख दिली. मंगळवार, दहा ते बारा. माणूस जागेवर हवा, सामान जागेवर हवं, आणि ही फेरपाहणी शेवटची. यानंतर यादी बंद.

मंगळवारी रजा हवी होती. घडीताई लाँड्रीत हे कसं सांगावं याचा विचार करत होती तेव्हा तिच्या हातात चादरीची दोन टोकं होती आणि उरलेली दोन जोडीदारणीच्या. नऊ वर्षं दोघी रोज समोरासमोर उभ्या राहायच्या. जोडीदारणीला कधीकधी वाटायचं, हिच्या घरी एकदा जावं. प्रत्येक वेळी घडीताईकडे सबब तयार असायची. त्या नसलेल्या घराला आजवर चार वेळा रंग लागला होता आणि दोनदा नळ फुटला होता.

"मंगळवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "पालिकेचा माणूस येणार आहे. मी रस्त्यावर राहते ते बघायला."

चादरीचं पलीकडचं टोक खाली पडलं. नऊ वर्षांत जोडीदारणीच्या हातून कोपरा कधी सुटला नव्हता.

"रोज तर म्हणायचीस, घरी जाते म्हणून!"

"जातच होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू माझी कीव केली असतीस. मला समोरून टोक धरणारं माणूस हवं होतं."

जोडीदारणीनं कोपरे उचलले. रागावली होती, आणि तिचा राग खरा होता. दोन पावलं पुढे आली, घडी घातली, आणि घडी तिच्या हातात देताना म्हणाली, "जा. तुझ्या वाटणीच्या मी घालते. आणि त्या रंगाच्या थापा मी विसरणार नाही हं, सांगून ठेवते."

सुपरवायझरनं रजेच्या अर्जावर कारण विचारलं. हळू आवाजात सांगता आलं असतं. घडीताईनं मशीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं. सगळ्या लाँड्रीनं ऐकलं. ऐकू दे, तिला वाटलं. नऊ वर्षं मी लाज सांभाळली, आणि ती लाज माझी नव्हतीच. ज्यांनी दोन महिने म्हणून बाहेर काढलं त्यांनी ती सांभाळावी.

मंगळवार उजाडला. सहाला सगळी सवयीनं उठली आणि उठून बसून राहिली, कारण आज आवरायचं नव्हतं. साडेसहाची गाडी नेमकी आली नाही. आठ वाजले, नऊ वाजले, ऊन भिंतीवरून खाली उतरलं. भर दिवसा आपलं अंथरूण, आपला तवा, आपल्या दोरीवरचे कपडे असे जगासमोर मांडून बसायचं, हे सोपं नव्हतं. कामाला जाणारे लोक बघत होते. हमालाची बायको पदराआडून म्हणाली, "अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतंय गं." घडीताईनं वॉचमनकाकांना टोपी काढायला लावली, युनिफॉर्मचा शर्टही. काका बनियनवर स्टुलावर बसले आणि एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. साडेनऊला लेक आली. शाळा बुडवून आली होती. आईनं डोळे वटारले, पण तिला बाजूला बसवून घेतलं.

येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी पालिकेला फोन केला असणार, हे काय पसरून ठेवलंय म्हणून. सव्वादहाला पहिल्या खांबाकडून ताटलीवर चमचा वाजला. गाडी आली की वाजवायची ती खूण.

आणि पुढे जे झालं ते बघायला हवं होतं. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. अकरा बिऱ्हाडांचे हात आपोआप चालू लागले. चटया गुंडाळल्या गेल्या, पोती बांधली गेली, दोरी सुटली, भिंतीमागची केबिन भरली. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला हमालाची बायको खराटा मारत होती. ज्या दिवशी पसारा दाखवायचा त्याच दिवशी सगळी जागा आरशासारखी साफ, आणि तीही त्यांनी स्वतःच केलेली.

"आई!" लेक ओरडली. "काय करतेस तू?"

घडीताईनं खाली पाहिलं. चादर तिच्या हातात होती. आठ पदरी, कोपऱ्यावर कोपरा. केव्हा घातली ही घडी? तिचा संताप संताप झाला. गाडीवर नाही, पालिकेवर नाही, आपल्या हातांवर. इतकं शिकवून ठेवलं होतं त्यांना या लोकांनी.

तिनं चादरीची दोन टोकं धरली आणि लाँड्रीत ओली चादर झटकतात तशी झटकली. फाड् करून आवाज झाला. खराटा थांबला. तिसऱ्या खांबाजवळ तिनं ती चादर अंथरली, लेकीला हाताला धरून बसवलं, आणि स्वतः मांडी घालून बसली.

गाडी थांबली. मुकादम उतरला. नऊ वर्षांत त्याचे केस पिकले होते, हिचेही. "ताई, उचला पाहू," तो म्हणाला. "मला कशाला वाईटपणा देता?"

"मी नाही उचलणार. तुम्ही उचला, तुमचं कामच आहे. पण पावती लिहा. नीट लिहा."

"एका चादरीची?"

"एका चादरीची. ठिकाण लिहा, वेळ लिहा, कोणाच्या ताब्यातून ते लिहा."

मुकादम पावत्यांच्या बाबतीत फार काटेकोर होता. कार्बन घातल्याशिवाय एक अक्षर लिहायचा नाही. त्यानं लिहिलं आणि चादर गाडीत टाकली. मायलेकी उघड्या फरशीवर बसून राहिल्या.

मग हमालाची बायको भिंतीमागे गेली. केबिनीतून आपलं पोतं ओढत आणलं आणि गाडीसमोर आपटलं. "माझीपण लिहा." तिच्यामागून दुसरा, तिसरा. स्टोव्ह आले, बादल्या आल्या. वॉचमनकाकांनी स्टूल आणून ठेवलं. "लाकडी स्टूल एक, पाचवा खांब," त्यांनी स्वतःच सांगितलं. लोक आपलं सामान गाडीत घालायला रांग लावताहेत, हे मुकादमाच्या सगळ्या नोकरीत झालं नव्हतं. तो घाम पुसत लिहीत राहिला. अकरा पावत्या व्हायला दीड तास गेला.

बाराला पाच कमी असताना पाहणीवाला आला. पोरसवदा साहेब, काखेत फाइल. त्यानं फूटपाथवर नजर फिरवली. "सामान कुठंय? जागा तर मोकळी आहे."

"सामान गाडीत आहे."

"मग जागेवर नाही. मला जागेवर दिसेल तेवढंच लिहिता येतं."

"हे बघा मग." घडीताईनं आजची पावती दिली आणि छातीशी धरलेली पिशवी त्याच्या फाइलीवर उपडी केली. "वीस आहेत. तारखा बघा, ठिकाण बघा. प्रत्येकीवर लिहिलंय, काच कारखान्याची भिंत, तिसरा खांब. शिक्का बघा कोणाचा आहे. तुम्हाला माझा पत्ता सापडत नाही आणि तुमचीच पालिका नऊ वर्षं तो लिहितेय."

त्यानं सगळ्यात खालची, पिवळी पडलेली पावती उचलली आणि मोठ्यानं वाचली. "चटई एक. चादरी दोन. दप्तर एक."

"ते माझं होतं," लेक म्हणाली. "त्यात चित्रकलेची वही होती. मिळेल का अजून?"

साहेबाचे कान लाल झाले. पण खुर्ची माणसाला लवकर सोडत नाही, आणि हा तर फूटपाथवर उभा असूनही खुर्चीतच होता. "हे दुसऱ्या खात्याचे कागद. यात काय खरं, काय खोटं..."

"खोटं?" मुकादम गाडीला टेकून उभा होता तो ताठ झाला. "साहेब, तोंड सांभाळा. बावीस वर्षं पावत्या फाडतोय. जे उचललं ते लिहिलं, जिथून उचललं ते लिहिलं. ही बाई तिसऱ्या खांबाजवळ नसती तर मी काय हवेतून दप्तर उचललं? माझी पावती खोटी म्हणायची तर तसं लेखी द्या. द्या ना."

लेखी म्हटल्यावर साहेबाची भंबेरी उडाली. तो सुटका शोधत आजूबाजूला बघू लागला आणि त्याला काका दिसले. बनियनवरचा म्हातारा त्याला ओळखू यायला वेळ लागला. "तुम्ही इथले वॉचमन ना? मागे तुम्हीच सांगितलंत, इथे कोणी राहत नाही."

काका उठले. स्टूल गाडीत होतं, म्हणून ते फरशीवरून उठले, गुडघ्यावर हात दाबून. "मी राहतो," ते म्हणाले. "पाचवा खांब, सहा वर्षं झाली. चौथ्याला हमाल, त्याची बायको आणि तीन पोरं. तिसऱ्याला या ताई." एकेका खांबाकडे बोट करत ते शेवटपर्यंत गेले. एक माणूस सोडला नाही, एक तान्हं सोडलं नाही. तीस वर्षं फाटकावर माणसं मोजलेला गडी होता. साहेबानं लिहिलं. अकरा घरं, एकेचाळीस माणसं, जागेवर आढळली.

घडीताईनं त्या लिहिलेल्या कागदाची प्रत मागून घेतली आणि ती घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. "माल सोडवायचाय. पत्त्याचा पुरावा आणलाय."

मुकादमानं कागद वाचला, उलटून पाहिला, आणि पहिल्यांदाच हसला. सामान खाली उतरायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पालिका ती पालिका. तीन आठवड्यांनी खिडकी क्रमांक चारवर खोल्यांची पत्रं घ्यायला बोलावलं. अकरा घरं नटूनथटून, आपलं सामान सोबत घेऊनच गेली, किल्ली मिळताच थेट नव्या खोलीत जायचं म्हणून. घडीताई पहिली, सोबत लेक. थोरल्या बहिणीच्या घरी आता चार दिवसच उरले होते. बाईंनी पत्र पुढे सरकवलं आणि सहीची जागा दाखवली. घडीताईनं आधी वाचलं. नव्या इमारतीत एक खोली, तात्पुरता निवारा, मुदत दोन महिने.

"जाहिरातीत कायमची म्हटलंय."

"ती पहिल्या यादीची. तुमची फेरपाहणीतली. सध्या दोन महिने घ्या, पुढचं पुढे बघू."

खोलीची किल्ली काउंटरवरच होती, पिवळ्या दोऱ्यात बांधलेली. लेक तिच्याकडे बघत होती. चार दिवस. सही केली की आज रात्री मायलेकी एका दाराआड झोपल्या असत्या. घडीताईनं पेन हातात घेतलं. मग तिनं पेन खाली ठेवलं.

"दोन महिने मला ठाऊक आहेत. नऊ वर्षांचे असतात."

तिनं पिशवीतून चादर काढली आणि झटकली. लेकीनं काही न विचारता समोरची दोन टोकं धरली. दोघींनी ती खिडकीसमोर, रांगेच्या तोंडाशी अंथरली आणि बसल्या. मागच्या दहा घरांना सांगावं लागलं नाही. कचेरीभर अंथरुणं पडली. काकांनी आपलं स्टूल दाराशी मांडलं आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "सांभाळून या, इथं लोक राहतात."

आतले मोठे साहेब बाहेर आले, ओरडले, धमकावून पाहिलं. शेवटी त्यांनी उचलगाडी बोलावली. मुकादम आला, त्यानं सगळीकडे नजर टाकली, आणि खिशातून वही काढून कार्बन घातला.

"लिहिताय काय? उचला!"

"उचलतो ना साहेब. पण पावतीशिवाय उचलत नाही मी, नियम आहे. ठिकाण," तो लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणू लागला, "पालिका गृह कचेरी, खिडकी क्रमांक चार. राहणार..." त्यानं घडीताईकडे पाहिलं. "राहणार कुठे, ताई?"

"इथेच," घडीताई म्हणाली. "खिडकी चार. माझा नवा पत्ता. याच्याही वीस पावत्या करीन मी. माझ्यापाशी जपून राहतात त्या."

मोठे साहेब त्या वहीकडे बघत राहिले. शिक्का त्यांचाच, कार्बनखाली प्रत जाणार, आणि प्रतीवर लिहिलेलं की बेघर बाई राहते कुठे, तर घरं वाटायच्या कचेरीत. त्यांनी बाईंच्या पुढ्यातून पत्र ओढलं, 'तात्पुरता' खोडलं, 'दोन महिने' खोडलं, बाजूला सही ठोकली. अकरा पत्रांवर अकरा वेळा. एकदाही मान वर केली नाही. घडीताईनं मात्र अकराही वाचून घेतली, मगच आपल्या पत्रावर सही केली.

नव्या खोलीतली पहिली सकाळ. सहाला घडीताई उठली, तिनं चादर ओढली, दोन कोपरे जुळवले. लेक अजून दुसऱ्या टोकावर झोपली होती, चादरीबरोबर तीही ओढली गेली आणि झोपेतच कुरकुरली. घडीताई थांबली. कोपरे सोडले. चादर होती तशी, चुरगळलेली, लेकीच्या अंगावर पडू दिली, बाहेरून दार ओढून घेतलं आणि कामाला गेली.

लाँड्रीत दिवसभर तिचं लक्ष नव्हतं. जोडीदारीण दोनदा ओरडली, "कोपरा बघ, कोपरा!" सुट्टी झाल्यावर दोघी मिळून निघाल्या, कारण यावेळी रंगाची सबब चालणार नव्हती. जिना चढताना घडीताईची पावलं भराभर पडू लागली. लेक शाळेत गेली होती, म्हणजे खोलीत दिवसभर कोणी नव्हतं. तिनं कुलूप काढलं, दार लोटलं.

अंथरूण जमिनीवर सकाळसारखंच पसरलेलं होतं. कोणी नेलं नव्हतं.

जोडीदारणीनं खोलीभर पाहिलं आणि सवयीनं चादरीच्या दोन टोकांना हात घातला.

"राहू दे," घडीताई म्हणाली. "तशीच राहू दे."